पाठीवर वेताळ, हातात कंट्रोलर

मे 2011 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा पोलंडला गेले, तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टस्क यांनी त्यांना दिलेल्या भेटवस्तूंमध्ये एक व्हिडिओ गेम होता. नाव 'द विचर 2'. तीन वर्षांनी ओबामा पुन्हा वॉर्साला आले आणि जाहीर भाषणात त्यांनी या भेटीची आठवण काढली. आपल्याला गेम खेळणं फारसं जमत नाही, हेही सांगून टाकलं. टस्क यांनी गंमत म्हणून काही ती भेट दिली नव्हती. 'हे आमचं' म्हणून पोलंडने जगापुढे ठेवावी अशीच ती वस्तू होती.

या गेमच्या मुळाशी आंद्रेज सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा आहेत आणि त्या कथांच्या मुळाशी पूर्व युरोपातल्या खेड्यापाड्यांतली भुतंखेतं. पहिली कथा 1986 साली 'फांतास्तिका' नावाच्या मासिकात आली. मासिकाच्या कथास्पर्धेत तिला तिसरं बक्षीस मिळालं होतं. (दिवाळी अंकांच्या स्पर्धांत तिसरे येणाऱ्यांनी धीर सोडू नये.) पुढे वॉर्सातल्या 'सीडी प्रोजेक्ट रेड' या कंपनीने त्या जगावर गेम काढले आणि 2015 मधला तिसरा भाग जगभर गाजला.

घरातली मुलं 'गेम खेळतात' असं आपण सरसकट म्हणतो. पण मोबाइलवरचा कँडी क्रश, मित्रांबरोबरचा बीजीएमआय आणि 'विचर' यांच्यात शब्दकोडं, कबड्डी आणि कादंबरी यांच्याइतका फरक आहे. 'विचर' ज्या जातकुळीचा, तिला रोल-प्लेइंग गेम किंवा नुसतं 'आरपीजी' म्हणतात. खेळणारा एका पात्राचा वेश घेतो, त्या पात्राच्या वतीने बोलतो, वचनं देतो, ती मोडतो आणि परिणाम भोगतो. या प्रकाराचा उगम कॉम्प्युटरवर झालेला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी 1974 साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ काढला. टेबलाभोवती मित्र, मध्ये फासे, आणि एक जण सूत्रधार. 'दार उघडून आत गेलात, समोर म्हातारी बसलीय, काय करता?' असं त्याने विचारायचं आणि इतरांनी आपापल्या पात्राला साजेसं उत्तर द्यायचं. कोणी म्हातारीच्या पाया पडला, कोणी तिचा कंदील पळवला, तरी सूत्रधार जागच्या जागी पुढची गोष्ट रचतो.

कॉम्प्युटरवरच्या अशा गेममध्ये जागच्या जागी काही रचलं जात नाही. खेळणारा पाया पडेल की कंदील पळवेल, दोन्ही आधीच लिहून ठेवावं लागतं. पाया पडलेल्या माणसाशी तीच म्हातारी दहा तासांनी बाजारात कशी बोलेल, हेसुद्धा. आरपीजीच्या लेखकाचं काम इथे सुरू होतं.

'विचर 3' मधला एक प्रसंग या कामाचा नमुना म्हणून सांगण्यासारखा आहे. युद्धाने उजाड झालेल्या दलदलीच्या मुलखात एक दारुडा सरदार गढी बळकावून बसलाय. बायको आणि तरुण मुलगी बेपत्ता आहेत, त्यांना शोधून द्या, अशी गळ तो नायकाला घालतो. शोधता शोधता कळतं की हा बायकोला मारायचा. अशाच एका रात्री तिचा गर्भ पडला आणि त्याने तो नाव न ठेवता, विधी न करता कुठेतरी पुरून टाकला. त्या अर्भकाचं आता भूत झालंय. पोलिश लोककथांत अशा भुताला 'पोरोन्येत्स' म्हणतात. खेळणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. तलवार काढून त्याला मारायचं, किंवा सरदाराला त्याच्या अपराधाला सामोरं जायला लावायचं. दुसरी वाट धरली, तर सरदार ते बीभत्स अर्भक दोन्ही हातांवर घेऊन अंधारातून गढीकडे चालू लागतो. ते मध्येच चवताळतं आणि नायक त्याला शांत करत राहतो. उंबरठ्यापाशी आल्यावर बाप त्याला नाव देतो, पोर म्हणून जवळ करतो आणि उंबरठ्याखाली पुरतो. मग तेच भूत घराचं रक्षक होऊन आईच्या शोधात वाट दाखवतं.

नाव ठेवणं आणि उंबरठा या गोष्टी मराठी वाचकाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. लेखकांची खरी करामत मात्र पुढेच आहे. सरदाराचा आणि त्याच्या बायकोचा शेवट काय होणार, हे भलत्याच ठिकाणी, एका टेकडीवरच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडायचं की संपवायचं या निवडीवर ठरतं. सोडलं तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात, पण सरदाराचं घर बुडतं. संपवलं तर उलटं. निवड करताना यातलं काहीच धड कळत नाही आणि परिणाम इतक्या उशिरा समोर येतो की मागे जाऊन पुन्हा खेळायचं त्राण उरत नाही. 'बरोबर उत्तर' शोधायची परीक्षार्थी सवय या गेमने अनेकांची मोडली.

अशा लेखनाचं गणित भयंकर असतं. प्रत्येक निवडीला दोनच वाटा ठेवल्या तरी दहा निवडींनंतर 1024 वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि वीस निवडींनंतर दहा लाखांच्या वर. एवढं कोणीच लिहू शकत नाही. त्यामुळे वाटा फुटल्यासारख्या दाखवायच्या आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणायच्या. फक्त जाता जाता एक खूण टिपून ठेवायची. बाळाला नाव दिलं का? हो. कंदील पळवला का? नाही. गेम अशा हजारो 'हो-नाही'ची वही सांभाळतो आणि एखादं पात्र तोंड उघडण्याआधी ती चाळतो. बेल्जियममधल्या लारियन स्टुडिओच्या 'बाल्डर्स गेट 3' मध्ये (ऑगस्ट 2023) शेवटाचे 17,000 प्रकार संभवतात, असं कंपनीने सांगितलं होतं, तेव्हा अनेकांनी डोळे विस्फारले. ते 17,000 वेगळे शेवट नव्हेत. या खुणांची ती निरनिराळी जुळणी आहे. म्हणून मेहनत कमी ठरत नाही.

वाटा फोडून पुन्हा जुळवायची ही युक्ती इंदूरच्या वाचकाला पंचावन्न किलोमीटरवर सापडेल. उज्जैनचा राजा विक्रम स्मशानातलं प्रेत पाठीवर घेऊन निघतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. अट अशी की उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील. बोललास तर मी चाललो झाडावर. 'चांदोबा' वाचत मोठ्या झालेल्या पिढीला यापुढचं चित्रही पाठ आहे: हातात तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत.

आरपीजीच्या कारागिराने हे कथानक उलगडून पाहावं. राजापुढे वाटा दोन, पण एकीच्या टोकाला मरण, म्हणून खरी वाट एकच. ती फिरून त्याच झाडापाशी येते. त्यामुळे मधल्या गोष्टी कितीही बदलल्या, वाढवल्या, तरी सांगाडा हलत नाही. राजाला प्रत्येक वेळी आपण ठरवलं असं वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं. शेवटच्या गोष्टीत बाप-लेक आणि मायलेकी यांची उलटसुलट लग्नं लागतात आणि त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय, हे राजाला खरोखरच कळत नाही. तो गप्प राहतो. अट तीच, पण आता ती मोडतही नाही आणि पाळलीही जात नाही. सगळा खेळ या एका फटीतून सुटतो. इतकं घट्ट नियमांचं कथानक आजच्या गेम-लेखकांनाही सहज जमत नाही.

सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त हा राजा उज्जैनचा नाहीच. तिथे तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा त्रिविक्रमसेन आहे. माळवा आणि मराठवाडा यांनी वेताळ वाटून घेतलाय म्हणायचा.

विक्रमाचं सिंहासन मात्र धारच्या वाट्याला आलं. जमिनीत गाडलेलं ते सिंहासन राजा भोजाला मिळतं, तो पायरीवर पाय ठेवतो आणि पहिली पुतळी त्याला अडवते: विक्रमासारखं औदार्य असेल तर बस. मग एक गोष्ट. मग दुसरी पुतळी. बत्तीस पायऱ्या, बत्तीस अडथळे. गंमत म्हणजे मराठीत अगदी सुरुवातीला छापल्या गेलेल्या पुस्तकांत 'सिंहासन बत्तिशी' आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात ती 1814 साली निघाली.

धारहून पुढे मांडूला गेलं की गेम-लेखनाचा आणखी एक भाग दिसतो, ज्यात शब्द लागतच नाहीत. दोन तलावांमधला जहाज महाल, उतरत्या जाड भिंतींचा हिंडोळा महाल, आणि चंपा बावडी. ही विहीर वरून साधी दिसते, पण खाली पाण्याच्या पातळीशी कमानींच्या थंड खोल्या तिला जोडलेल्या आहेत. तिथे उतरणाऱ्याला गाइड नसला तरी कळतं की इथे कोणी उन्हाळ्याला भीत होतं, कोणाला लपायचं होतं, कोणाकडे यासाठी ओतायला पैसा होता. चांगल्या गेममध्ये जागा अशी बोलते. पडक्या घरात दोनच थाळ्या आणि तीन बिछाने दिसले की खेळणारा थबकतो. संवाद लिहिणाऱ्याइतकाच तिसरा बिछाना अंथरणाराही लेखक असतो.

मग येतात त्या जगातल्या लहानसहान लिखित वस्तू. बेथेस्डा कंपनीच्या 'स्कायरिम'मध्ये (2011) कपाटांतून तीनशेहून जास्त पुस्तकं आहेत आणि ती उघडून वाचता येतात: बखरी, पाककृती, प्रवासवर्णनं, चावट नाटकं. त्यांतली अनेक एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, कारण लिहिणारा विजेत्यांच्या बाजूचा की हरलेल्यांच्या, यावर इतिहास बदलतो. 'स्कायरिम' ज्या मालिकेतला, तिच्यात आधी एक पेच झाला होता. 1996 च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते. पुढचा भाग काढताना त्यांतला कुठला खरा मानायचा? एक निवडला तर बाकीच्यांचा खेळ खोटा ठरतो. लेखकांनी शांतपणे लिहून टाकलं की काळ तिथे तुटला होता आणि सगळेच शेवट एकाच वेळी घडले. अमेरिकेत याचं भारी कौतुक झालं. आपल्याकडे दोन पुराणांतली एकच कथा जुळेनाशी झाली की कीर्तनकार 'कल्पभेद' म्हणून पुढे सरकतात, ते याहून वेगळं नाही.

जपानच्या हिदेताका मियाझाकीची तऱ्हा आणखी निराळी. लहानपणी तो इंग्रजी अद्भुतकथा वाचायचा. भाषा पुरती येत नसल्याने मधले परिच्छेद सुटायचे आणि तो ती भोकं कल्पनेने बुजवायचा. मोठेपणी त्याने 'डार्क सोल्स' (2011) तसाच केला. गोष्ट कोणी सांगतच नाही; अंगठीच्या, तलवारीच्या, फाटक्या झग्याच्या वर्णनातून दोन-दोन ओळी मिळतात आणि उरलेलं खेळणाऱ्याने जोडायचं.

आता आपल्याकडचा प्रश्न. एवढी पुराणं, एवढी महाकाव्यं, मग भारतीय आरपीजी रांगेने का येत नाहीत? 'आपल्याकडे माल तयार आहे' हे वाक्य या क्षेत्रात फार ऐकू येतं आणि तिथेच गाडी अडते. महाकाव्याचा शेवट ठरलेला आहे आणि त्यातला नायक पूज्य आहे. आरपीजीला दोन्ही गोष्टी अडचणीच्या. खेळणाऱ्याने कर्णाला पांडवांकडे नेलं तर चालेल का? देव खड्ड्यात पडून मेला आणि 'पुन्हा सुरू करा' असं पडद्यावर आलं तर? 2009 मध्ये सोनीने 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला, तेव्हा देवाला बटणांनी नाचवण्यावर आक्षेप आले. 'स्माइट' या अमेरिकी गेममधल्या कालीमातेच्या रूपावरूनही 2012 मध्ये वाद झाला. आक्षेप घेणाऱ्यांना नुसतं हसण्यात अर्थ नाही. ज्या देवाची आजही आरती होते, तो ग्रीकांच्या झ्यूससारखा मोकळा नसतो.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने यातून शहाणपणाची वाट काढली. त्यांच्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक'ची (2020) नायिका देवी नव्हे, तर डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी राजी नावाची साधी पोर आहे. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला ती शोधते. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, पोरीबद्दल आपसांत हुज्जत घालतात, शस्त्रं देतात. चालवायची असते ती राजीच. राजस्थानी किल्ल्यांच्या धर्तीचे महाल, मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून. 2020 च्या गेम ॲवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या पहिल्या गेमच्या गटात या गेमला नामांकन मिळालं. अर्थात 'राजी' हा मारामारीचा साहसी गेम आहे, आरपीजी नव्हे. खेळणाऱ्याला तिथे काही ठरवता येत नाही आणि शेवट तर अर्ध्यात तुटल्यासारखा होतो.

पोलंडने काय केलं हे इथे पाहण्याजोगं आहे. त्यांनी बायबलला हात लावला नाही, खेड्यातली भुतं उचलली. मराठीत तर भुतांची जनगणनाच तयार आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेला, तो मुंजा, पिंपळावर. डोहात, विहिरीत साती आसरा. रात्री रानात फिरवून फिरवून त्याच जागी आणणारा चकवा. पाण्यात ओढणारा गिऱ्हा. प्रत्येकाची राहण्याची जागा, मरणाचं कारण, स्वभाव, उतारा, सगळं ठरलेलं. गेमच्या भाषेत बोलायचं तर नियम लिहून झालेत आणि शेवट मोकळे आहेत. मुंजाला झाडावरून उतरवायचा की त्याची राहिलेली सोडमुंज लावून द्यायची, असा प्रसंग लिहायला कोणाच्या भावना आड येणार नाहीत. सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवस फेडायला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या चपलांची एक जोडी गेमच्या एखाद्या देवळात ठेवली, तर गावावर कोणाचा पहारा आहे हे सांगायला एकही संवाद लागणार नाही.

नियम किती थोडे पुरतात, हे राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (2018) या सिनेमाने दाखवलं. चित्रपट खेळ नव्हे, पण मराठी मातीतलं इतकं नेटकं कल्पित जग दुसरं सापडणं कठीण. हस्तर हा देव कुठल्याही पुराणात नाही, तरी तो खोटा वाटत नाही. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो भुकेला. म्हणून पिठाची बाहुली, म्हणून पिठाचं रिंगण, आणि तो बाहुली खाण्यात गुंतला असताना जेवढ्या मोहरा लांबवता येतील तेवढ्या तुमच्या. हाव सुटलेला माणूस यापुढे एकच विचार करणार: बाहुल्या जास्त नेल्या तर? प्रेक्षकाच्याही मनात तो नायकाच्या आधी येतो. जगाचा नियम इतका पक्का असला की गोष्ट पाहणाराच पुढे ढकलतो.

उरला प्रश्न भाषेचा. रस्त्यावरचा पहारेकरी, चहावाला, भिकारी यांच्या तोंडच्या एकेका ओळी लिहिणं हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त ऐकू येणारं लेखन. 'स्कायरिम'मधले शिपाई गुडघ्यात बाण बसल्याचं रडगाणं इतक्यांदा गातात की त्याचा जगभर विनोद झाला. 'विचर 3'च्या इंग्रजी आवृत्तीत बेटांवरचे लोक आयरिश वळणाने बोलतात, दलदलीतले शेतकरी वेगळं. माळव्यावर कोणी गेम लिहिला, तर होळकरी वाड्यातल्या कारभाऱ्याचं मराठी, सराफ्यातल्या हलवायाचं 'भिया' म्हणत सुरू होणारं बोलणं आणि निमाडातल्या नावाड्याची बोली एकाच ठशाची निघता कामा नये. इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला हा फरक कानाने कळतो. पुण्या-मुंबईच्या लेखकाला तो मुद्दाम शिकावा लागेल.

सुरुवात करायला स्टुडिओ लागत नाही. क्रिस क्लाइमास यांनी 2009 मध्ये आणलेलं 'ट्वाइन' फुकट आहे. त्यात चौकोन काढायचे, प्रत्येकात मजकूर लिहायचा आणि चौकोन एकमेकांना जोडायचे. तयार झालेली फाइल साध्या ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे देवनागरीची अडचण नाही. केंब्रिजच्या 'इंकल' कंपनीने आपली 'इंक' ही लेखनभाषा 2016 मध्ये सर्वांना खुली केली, तीही चालेल.

पहिल्या प्रयोगाला वेताळाची मंदारवतीची गोष्ट घ्यावी. तिच्यावर जीव असलेले तीन तरुण असतात. ती तापाने मरते. एक तिच्या राखेवर झोपून राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा वणवण करून मेलेल्याला उठवण्याचा मंत्र आणतो. ती जिवंत होते, नवरा कोण? राजाचा निवाडा असा: ज्याने जीव दिला तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, राखेवर झोपला तो नवरा. इथे खेळणाऱ्याला तिघांपैकी कोणालाही निवडू द्यावं आणि एक खूण टिपावी. मंत्रवाल्याला नवरा ठरवलं, तर राखेवरचा तरुण पुढच्या गावात भेटल्यावर काय बोलेल? गंगेहून परतलेला कोणाच्या दारात उभा राहील? आणि चौथा चौकोन जुन्या गोष्टीत नव्हताच, तो जोडायचा: हा प्रश्न मंदारवतीला विचारायचा. तिच्या तोंडी तीन उत्तरं लिहायला बसलं की सोमदेवाने न लिहिलेली पानं भराभर वाढू लागतात, आणि रविवार पुरत नाही.